बूथमधला ख्याल आणि एका खोलीतला ख्याल: ध्वनिमुद्रणाच्या एका पदवी प्रकल्पाचा अभ्यास

हे प्रकरण पुण्यातल्या एका पदवी अभ्यासक्रमातले आहे. विषय संगीत ध्वनिमुद्रण आणि ऑडिओ इंजिनिअरिंग, वर्ष शेवटचे. मी या प्रकल्पाचा मार्गदर्शक होतो. संबंधितांची ओळख पटेल असे तपशील काढले आहेत.

पार्श्वभूमी

विद्यार्थिनी गिटार वाजवणारी. बारावीपासून घरच्या संगणकावर स्वतःचे ट्रॅक बनवत होती आणि सॉफ्टवेअरवर तिचा हात चांगला बसलेला होता. इक्वलायझर, कॉम्प्रेसर (मोठा आवाज दाबून पातळी सारखी ठेवणारे साधन), ट्रॅक कापणे-जोडणे या कामात वर्गात तिच्या तोडीचे दोघेतिघेच असतील. शेवटच्या सत्रात प्रत्येकाने सुमारे तासाभराचे ध्वनिमुद्रण स्वतः आखून, मुद्रित करून, मिक्स करून सादर करायचे असते. बहुतेक जण बँड निवडतात. हिने ख्याल, म्हणजे हिंदुस्थानी रागगायन, निवडला, कारण तिच्या सोसायटीत राहणाऱ्या, साठी ओलांडलेल्या एक गायिका (पुढे ‘ताई’) गायला तयार झाल्या होत्या. घरी त्यांची तालीम चालते, चार-पाच शिष्या येतात, मैफली मोजक्या. त्यांचे नीट झालेले एकही मुद्रण नव्हते. होते ते सगळे मोबाइलवरचे.

ठरले ते असे: राग मुलतानी, विलंबित (संथ) एकताल आणि द्रुत (जलद), त्याआधी राग भीमपलासची एक मध्यलय बंदिश. साथीला तबला आणि पेटी. विभागाचा स्टुडिओ दोन दिवस मिळणार होता. स्टुडिओत साडेसहा बाय पाच मीटरची लाइव्ह रूम (वादनाची मुख्य खोली), तिला लागून दोन बूथ (छोट्या बंद खोल्या) आणि काचेपलीकडे कंट्रोल रूम.

मूल्यमापनाच्या तक्त्यात एक रकाना पुढे फार महत्त्वाचा ठरला. ‘ट्रॅकमधील विलगता’, म्हणजे एका वाद्याच्या मायक्रोफोनमध्ये दुसऱ्या वाद्याचा आवाज किती कमी शिरला आहे, याला वेगळे गुण होते. तक्ता बँड डोळ्यांसमोर ठेवून बनलेला आणि तो सगळ्यांना सारखाच लागू.

पहिला दिवस: अडचण काय आली

तिने पाठ्यपुस्तकातली मांडणी केली. गायिका एका बूथमध्ये, तबला दुसऱ्यात, पेटी लाइव्ह रूममध्ये. तानपुरा इलेक्ट्रॉनिक, तोही थेट हेडफोनमध्ये. सगळ्यांच्या कानांवर हेडफोन. वेळ सकाळी दहाची.

तासाभरात लक्षात आले की गाणे लागत नाहीये. ताईंचा षड्ज किंचित हलत होता. समेवर (आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर) येताना त्या अडखळायच्या, तबलजी अंदाज घेत ठेका धरायचे आणि दोघे एकमेकांची वाट पाहायचे. ताईंनी हेडफोनची एक बाजू काढून कानामागे सरकवली, मग दुसरीही.

विद्यार्थिनीने आधी लेटन्सी, म्हणजे संगणकातून हेडफोनपर्यंत आवाज पोचायला होणारा उशीर, तपासली आणि तिथे दोष खरोखर होता. मुद्रण ४८ किलोहर्ट्झला चालू होते आणि बफर (संगणक एका वेळी हाताळतो तो आवाजाचा तुकडा) ५१२ सॅम्पलचा, म्हणजे एका दिशेने साधारण १०.७ मिलिसेकंद. जाण्यायेण्याचे मिळून २० मिलिसेकंदांच्या वर. तेवढ्या वेळात हवेतला आवाज सात मीटर जातो. तबलजी सात मीटर लांब बसून साथ करत आहेत, असा तो अनुभव झाला. तिने बफर ६४ वर आणला आणि उशीर जाणवेनासा झाला. गाणे मात्र तसेच राहिले.

मग हेडफोनमधली पातळी, तानपुऱ्याचे प्रमाण, थोडा रिव्हर्ब (कृत्रिम घुमारा) असे सगळे बदलून झाले. दुपारी दीडच्या सुमाराला ताई बूथचे दार उघडून बाहेर आल्या आणि म्हणाल्या, “अगं, मला त्याचा हात दिसत नाही. आणि सकाळी मुलतानी मला सुचत नाही. आज राहू दे.”

दोन्ही तक्रारी अचूक होत्या. मुलतानी हा दुपार उतरतानाचा राग, आणि पहिली तक्रार तर तांत्रिकच होती. त्यांच्या विलंबितात एकतालाचे बारा मात्रांचे एक आवर्तन पन्नास सेकंदांच्या आसपास चालते. इतक्या विस्तारलेल्या लयीत सम फक्त कानांनी गाठली जात नाही. तबलजीचा डग्ग्यावरचा तळवा, मान, श्वास, पेटीवाल्याने आधीच्या स्वरावर धरलेला हात हे सगळे दिसावे लागते. शिवाय दोन्ही कान झाकले की गायकाला स्वतःचा आवाज खोलीतून परत ऐकू येत नाही, हाडांतून येणारा घुमणारा आवाज तेवढा जाणवतो. खोलीतल्या आवाजाच्या आधाराने चाळीस वर्षे सूर लावलेल्या माणसाचा तो आधारच आपण काढून घेतो.

पर्याय

त्या संध्याकाळी आम्ही चार पर्याय मांडले.

पहिला, बूथ तसेच ठेवून कॅमेरा आणि पडदा लावायचा, म्हणजे हात दिसेल. विलगता पूर्ण राहते. पण कान झाकलेलेच राहतात.

दुसरा, सुगम संगीतासारखे टप्प्याटप्प्याने करायचे: आधी ठेका मुद्रित करून घ्यायचा आणि त्यावर ताईंनी गायचे. हा मी चर्चेतच बाद केला. ख्यालात लय गायक ठरवतो, वाढवतोही तोच, आणि तबलजी तिहाई कुठे घेईल हे गाण्याच्या त्या क्षणावर ठरते. आधी वाजवून ठेवलेल्या ठेक्यावर गायला लावले, तर हाती येते ते ख्यालाच्या बंदिशीचे गाणे, ख्याल नव्हे.

तिसरा, स्टुडिओ सोडून संस्थेच्या छोट्या सभागृहात बैठकीसारखे मुद्रण करायचे. आम्ही जाऊन टाळी वाजवून पाहिली. घुमारा सुंदर होता, पण एसीची घरघर बंद करता येत नव्हती आणि खिडक्यांबाहेर रिक्षाथांबा. विलंबितातल्या शांत जागांमध्ये तो सगळा रस्ता ऐकू आला असता.

चौथा, स्टुडिओच्याच लाइव्ह रूममध्ये सगळ्यांनी बैठकीसारखे एकत्र बसायचे, हेडफोन कुणालाच नाहीत. धोका उघड होता. गळ्याच्या मायक्रोफोनमध्ये तबला आणि पेटी शिरणार, तबल्याच्या मायक्रोफोनमध्ये गळा. मग एखादी जागा सुधारणे, सूर दुरुस्त करणे, एकाच ट्रॅकवर नव्याने गाऊन घेणे, सगळे बंद. आणि विलगतेच्या रकान्यात गुण जाणार.

विद्यार्थिनीचा कल पहिल्या पर्यायाकडे होता आणि तिची बाजू समजण्यासारखी होती. गुण तिचे होते, माझे नव्हेत. मी तिला निर्णय लगेच घेऊ नको म्हटले आणि ताईंच्या घरी आठवडाभर तालमीला नुसते बसायला सांगितले. लॅपटॉप न नेता.

या प्रकरणातला खरा निर्णय त्या आठवड्यात झाला. परत आली तेव्हा तिच्या वहीत मायक्रोफोनबद्दल एक ओळ नव्हती. कोण कुठे बसते, ताई कुठल्या बाजूला मान वळवतात, तार सप्तकात जाताना किती मागे रेलतात, पेटीचा भाता कधी वाजतो, तानपुरे कोण छेडते, याच्या नोंदी होत्या. ती म्हणाली, “सर, बॅलन्स त्यांचा आधीच झालेला असतो. आपण फक्त तो बिघडवायचा नाही.” चौथा पर्याय तिनेच निवडला.

युरोपातल्या टोनमाइस्टर परंपरेत, म्हणजे जर्मनीत डेटमोल्डला १९४९ पासून आणि इंग्लंडमध्ये सरे विद्यापीठात १९७० पासून चालत आलेल्या अभ्यासक्रमांत, ध्वनितंत्राच्या विद्यार्थ्याला संगीतही तितक्याच गांभीर्याने शिकावे लागते. आपल्याकडे भारतीय संगीत मुद्रित करू पाहणाऱ्या मुलाला तालमीत बसवण्याची सोय अभ्यासक्रमात जवळपास कुठेच नाही, आणि ही उणीव मला फार मोठी वाटते.

दुसरा दिवस: काय केले

स्टुडिओची दुसरी पाळी आम्ही दुपारी दोन ते रात्री आठ अशी बदलून घेतली. भीमपलास आणि मग मुलतानी, दोन्ही आपापल्या वेळेला.

बसण्याची रचना नेहमीची: मध्ये ताई, त्यांच्या उजव्या हाताला तबला, डाव्या हाताला पेटी, मागे दोन शिष्या दोन तानपुरे घेऊन. इलेक्ट्रॉनिक तानपुरा घरीच राहिला. ताईंच्या तानपुऱ्यांच्या जोडीची जवारी (तारांचा गुंजणारा झंकार) आदल्या दिवशी नीट लावून घेतली होती आणि सूत बदलले होते.

विद्यार्थिनीने गळ्यासाठी फिगर-एट दिशेचा मायक्रोफोन घेतला. असा मायक्रोफोन समोरून आणि मागून सारखेच ऐकतो, पण दोन्ही बाजूंना, बरोबर ९० अंशांत, जवळजवळ बहिरा असतो. तो ताईंपासून हातभर अंतरावर, म्हणजे साधारण ४५ सेंटिमीटरवर ठेवला. तबला आणि पेटी ताईंच्या रेषेत असती, तर मायक्रोफोनच्या बहिऱ्या बाजूत आली नसती. म्हणून तिने दोघांना दोन विती पुढे सरकायची विनंती केली. आता तबला एका बाजूच्या बहिऱ्या पट्ट्यात, पेटी दुसऱ्या बाजूच्या. तबलजी म्हणाले, “इथून ताईंचा चेहरा अजून चांगला दिसतो.” तंत्राची सोय आणि वादकाची सोय एकाच सरकण्यात साधली. मायक्रोफोनच्या मागच्या, ऐकणाऱ्या तोंडापुढे दोन जाड शोषक पॅनेल उभी केली, म्हणजे समोरच्या भिंतीवरून परतणारा आवाज आत येणार नाही.

पेटीचा आवाज असा रोखणे मुलतानीत विशेष गरजेचे होते. मुलतानीचा कोमल रिषभ आणि कोमल गांधार ताई ज्या जागी लावतात, तिथे पेटीची पट्टी नसतेच. पेटीचे सूर ठरलेले. ऑल इंडिया रेडिओने १९४० साली पेटीवर बंदी घातली आणि ती १९७१ पर्यंत टिकली, त्यामागे हाच आक्षेप होता. मी पेटीच्या विरोधात नाही. चांगला पेटीवाला त्या जागांवर हात हलका करतो, आणि हे गृहस्थ करत होतेच. पण पेटी गळ्याच्या ट्रॅकमध्ये मोठी शिरली असती, तर नंतर तो हलका हात ऐकू आला नसता.

तबल्यावर एक छोट्या डायफ्रॅमचा (पडद्याचा) कार्डिऑइड, म्हणजे मुख्यतः समोरून ऐकणारा मायक्रोफोन, ३० सेंटिमीटर वर, पाठ ताईंकडे. गळ्याचा मायक्रोफोन त्या तबल्यापासून १.२ मीटरवर. जवळच्या मायक्रोफोनच्या निदान तिप्पट अंतरावर दुसरा असावा, हा ढोबळ नियम त्यात पाळला गेला. पेटीवर आणि तानपुऱ्यांवर एकेक, जरा लांबून. आणि या सगळ्यांच्या पुढे, दोन मीटरवर, ओआरटीएफ नावाची स्टिरिओ जोडी: दोन कार्डिऑइड, १७ सेंटिमीटर अंतर, ११० अंशांचा कोन. ही जोडी मुद्रणाचा कणा, बाकीचे मायक्रोफोन आधाराला, असा क्रम तिने आधीच लिहून ठेवला होता.

२४ बिट, ४८ किलोहर्ट्झ. आवाजाचे शिखर कमाल मर्यादेखाली १२ डेसिबलच्या आसपास राहील इतकी जागा. मुद्रण करताना कॉम्प्रेसर नाही. गळ्यावर ८० हर्ट्झखाली कट; ताईंचा काळी चार पट्टीचा षड्ज (सा) सुमारे २०८ हर्ट्झचा, त्यामुळे मंद्रातल्या पंचमालाही धक्का लागत नव्हता.

एसी हा एक वेगळाच प्रश्न निघाला. टेकच्या वेळी बंद, मधे चालू, असे करताच तबला उतरू लागला. दमट हवेत चामडे सैल पडते आणि खोलीतली हवा दर अर्ध्या तासाने बदलत होती. शेवटी एसी पूर्ण बंद करून पाऊण तास नुसता चहा घेतला, खोली स्थिर होऊ दिली, मग तानपुरे आणि तबला पुन्हा मिळवले. उकाडा सगळ्यांनी सोसला. तबला पुढे शेवटपर्यंत हलला नाही.

मुलतानीचा विलंबित एका टेकमध्ये झाला. द्रुताचे दोन टेक घेतले.

एका खोलीत बसून, अंतराने बॅलन्स साधून मुद्रण करणे आपल्याकडे नवे नाही. नोव्हेंबर १९०२ मध्ये कलकत्त्यात फ्रेड गायस्बर्गने गौहर जानचे गाणे मुद्रित केले तेव्हा मायक्रोफोनच नव्हता, एक कर्णा होता. कोण कर्ण्याच्या किती जवळ बसेल, हाच मिक्स. तीन मिनिटांची तबकडी आणि चूक झाली तर पुन्हा पहिल्यापासून. त्यानंतर साधने अफाट वाढली, पण बसण्याच्या जागेने जे साधते ते नंतर फेडरने (पातळी कमीजास्त करणाऱ्या सरकपट्टीने) पूर्ण साधत नाही, हे या मुद्रणात पुन्हा दिसले.

मिक्स: दोन वळणे

पहिला मिक्स विद्यार्थिनीने सवयीने केला. गळ्यावर चारास एक प्रमाणाने दाबणारा कॉम्प्रेसर, वर प्लेट रिव्हर्ब, एकंदर पातळी बरीच चढवलेली. ताईंनी दोन मिनिटे ऐकले आणि विचारले, “तानपुरा असा श्वास का घेतोय?” गळा थांबला की कॉम्प्रेसर सुटत होता आणि त्या ट्रॅकमध्ये मागून आलेला तानपुरा दर वेळी वर उसळत होता. विलग ट्रॅकवर हे कधी ऐकू येत नाही. एकत्र मुद्रणात ऐकू येते, कारण गळ्याच्या ट्रॅकमध्ये फक्त गळा नसतोच. तिने कॉम्प्रेसर काढला आणि पूर्ण विलंबित हाताने फेडर हलवत मिक्स केला. त्यात तीन संध्याकाळी गेल्या. अंतिम पातळी उणे १८ एलयूएफएसच्या (कानाला जाणवणाऱ्या सरासरी पातळीचे माप) आसपास ठेवली. स्पॉटिफायची नेहमीची पातळी उणे १४ ची, म्हणून हे जरा हळू वाटेल असे एका वर्गमित्राने सांगितले. तिने बदलले नाही आणि मला ते पटले.

दुसरे वळण फेजचे, म्हणजे एकच आवाज दोन मायक्रोफोनांत मागेपुढे पोचण्याचे. तबल्याचा आवाज स्वतःच्या मायक्रोफोनपर्यंत ३० सेंटिमीटर आणि गळ्याच्या मायक्रोफोनपर्यंत १.२ मीटर जातो. फरक ९० सेंटिमीटर, म्हणजे सुमारे २.६ मिलिसेकंद. दोन्ही ट्रॅक मिसळले की १९० हर्ट्झच्या आसपास पहिला खड्डा पडायला हवा, म्हणजे तिथला आवाज गळायला हवा. तिने तबल्याचा ट्रॅक तेवढा मागे सरकवला. डग्गा किंचित भरला, पण तबल्याच्या मायक्रोफोनमध्ये शिरलेला ताईंचा आवाज आणखी उशिरा आला आणि गळा पोकळ झाला. आलटून पालटून ऐकल्यावर तिने ट्रॅक मूळ जागी नेला. बहिऱ्या बाजूमुळे तबला गळ्याच्या ट्रॅकमध्ये इतका कमी होता की खड्डा कागदावर होता, कानाला जवळजवळ नव्हता.

द्रुताचे दोन टेक समेवर जोडण्याचाही प्रयत्न झाला. दुसऱ्या टेकची लय थोडी चढी होती, जोड कळत होता. पहिला टेक अखंड ठेवला. त्यात एका शिष्येचा खोकला आहे, तो तसाच आहे.

निष्पत्ती

बाहेरच्या परीक्षकांनी मुद्रणाच्या एकंदर दर्जाला वर्गातले सर्वांत जास्त गुण दिले. ‘विलगता’ रकान्यात तिला निम्म्याहून कमी मिळाले, आणि नियमाप्रमाणे ते बरोबरच होते. एकूण श्रेणी एक पायरी खाली आली. तिने निकालाविरुद्ध अर्ज केला नाही.

ताईंनी शिष्यांसाठी प्रती मागून घेतल्या.

प्रसिद्धीच्या बाबतीत मात्र गाडे अडले. विद्यार्थिनीला पूर्ण मुद्रण स्वतःच्या कामाचा नमुना म्हणून सार्वजनिक करायचे होते. ताईंची तोंडी परवानगी होती. तबलजींना विचारलेच नव्हते आणि ते तयार झाले नाहीत. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात सादरकर्त्याचे हक्क वेगळे मानले आहेत, ५० वर्षांसाठी, आणि ते साथीदारालाही असतात. पहिल्या दिवशी एका पानाची लेखी संमती घेतली असती, तर मुद्दा तेव्हाच बोलून सुटला असता. अखेर तिघांच्या सहमतीने तीन मिनिटांचा तुकडा तिने वापरला.

वेगळे काय करता येईल

तालमीत बसणे पहिल्या मुद्रणाआधी व्हायला हवे. या प्रकरणात ते दोन मुद्रणांच्या मधे झाले आणि स्टुडिओचा एक पूर्ण दिवस, कलाकारांच्या वेळेसकट, त्यात गेला. साठीच्या गायिकेला अर्धा दिवस बूथमध्ये बसवून ठेवणे ही छोटी गोष्ट नाही.

पहिल्या दिवशी लेटन्सीचा दोष सापडला, हीच एक अडचण झाली. खरा पण दुय्यम दोष हाती लागला की त्यावर काम करत राहावेसे वाटते. हेडफोन काढून एक आवर्तन गाऊन पाहा, एवढी साधी चाचणी पहिल्या तासात केली असती, तर निदान तिथेच झाले असते.

मूल्यमापनात विलगता हा स्वतंत्र गुण नसावा, असे माझे स्पष्ट मत आहे. जिथे प्रकल्पाला विलगता हवी तिथे ती मोजावी. जिथे एकत्र मुद्रण निवडले आहे तिथे शिरकाव किती काबूत ठेवला, तो कानाला कसा लागतो, हे मोजावे. पुढच्या वर्षासाठी विद्यार्थ्याने आपली पद्धत आधी लेखी मांडावी आणि त्यानुसार रकाने ठरावेत, असा मसुदा मी अभ्यास मंडळाला दिला आहे. तो अजून मंजूर झालेला नाही. साथीदारांसकट सर्वांच्या संमतीचा एक पानी नमुना मात्र विभागाने लगेच स्वीकारला आणि स्टुडिओच्या आरक्षण अर्जालाच जोडला. तो भरल्याशिवाय आता चावी मिळत नाही.